मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, तास किती, आणि दारापासून दारापर्यंतचा खरा हिशेब

लेकीकडे अमेरिकेला पहिल्यांदा जायचं ठरलं, तेव्हा साताऱ्यात आमच्या आळीतल्या प्रत्येकानं मला दोनच प्रश्न विचारले. "बाई, किती लांब आहे हो?" आणि "किती तास लागतात?" तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे पहिल्याचं उत्तर जिभेवर होतं. दुसऱ्याला मी "पंधरा-सोळा तास" म्हणून मोकळी झाले, आणि तिथेच चुकले. घराला कुलूप लावल्यापासून न्यूयॉर्कजवळच्या एडिसनला लेकीच्या दारात चपला काढेपर्यंत साडेचौतीस तास गेले.

त्यानंतर दोनदा जाऊन आले. आता आळीतलं कुणी मुलाकडे किंवा लेकीकडे निघालं की आधी माझ्याकडे येतं. त्यांना कागदावर जे लिहून देते, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. मुंबई-न्यूयॉर्कचं उदाहरण घेतलं आहे, पण हीच रीत शिकागोला, टोरांटोला किंवा मेलबर्नलाही लागू पडेल.

पहिली पायरी: दोरा ताणून बघा

घरात पृथ्वीचा गोल असेल तर काढा. नसेल तर शाळेतून तासाभरासाठी मागून आणा, कुणी नाही म्हणत नाही. शिवणाच्या दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा.

भिंतीवरचा सपाट नकाशा पाहून आपल्याला वाटतं, विमान अरबी समुद्रावरून निघेल, आफ्रिकेचा माथा ओलांडेल आणि अटलांटिक पार करून पोचेल. दोरा मात्र मुंबईहून सरळ वायव्येलाही जात नाही, त्याहूनही उत्तरेकडे वळतो. कच्छ, सिंध, बलुचिस्तान, कंदहारच्या बाजूनं तुर्कमेनिस्तान, मग जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून हेलसिंकी, तिथून आइसलँडमधलं रेक्याविक, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडातला लॅब्राडोर, आणि मग खाली घसरत न्यूयॉर्क. वाटेत तो ६५ अंश उत्तरेला जाऊन टेकतो. आर्क्टिक वृत्त साडेसहासष्टला, म्हणजे अगदी शिवाशिवीचा खेळ. मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क ४१ च्या आत, आणि त्या दोघांमधली सर्वांत जवळची वाट ६५ वरून! वर्गात हे दाखवलं की पोरं दरवेळी "बाई, दोरा सरकला" म्हणायची.

गोलावरच्या या सर्वांत छोट्या वाटेला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. त्या वाटेनं मुंबई ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ हे अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या घेराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तुमचा गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल, आणि त्यातला एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. मोजून बघा, पाच-दहा मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी चालेल.

एक सावधगिरी. अमेरिकी संकेतस्थळांवर हेच अंतर ७,७९० मैल दिसेल, आणि वैमानिकांच्या भाषेत ते सुमारे ६,७६५ सागरी मैल होतं. अंतर तेच, मापं तीन. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मैलांचा आकडा किलोमीटर समजून "अहो, आठ हजारसुद्धा नाही" म्हणून सगळ्यांना धीर दिला होता.

दुसरी पायरी: किलोमीटरचे तास करा

लांब पल्ल्याचं विमान वर स्थिरावलं की ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. १२,५३० ला ९०० नं भागा: चौदा तासांना थोडे कमी. चढायला आणि उतरायला वेग कमी असतो, त्याचा अर्धा-पाऊण तास वर धरा.

तिकिटावरचा वेळ मात्र हवेतल्या वेळेपेक्षा जास्त असतो. विमान मुंबईच्या दारातून, म्हणजे गेटवरून, मागे सरकल्यापासून तिकडच्या दाराला लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात मोजलेला असतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, पुढच्या सहा विमानांच्या मागे उभं राहणं, उतरल्यावर दार रिकामं होण्याची वाट पाहणं, हे सगळं त्यातच. म्हणून गणितानं साडेचौदा आले तरी वेळापत्रकात सोळा दिसले तर घाबरू नका. शिवाय त्यात वाऱ्याचा वाटा आहे, आणि तो मोठा आहे.

तिसरी पायरी: वाऱ्याला विचारा

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. अमेरिकेला जाताना आपण त्यांच्या तोंडाला तोंड देत जातो, आणि येताना तेच पाठीवर हात ठेवून ढकलतात. म्हणून न थांबता जाणारं विमान जाताना सोळा तासांच्या आसपास घेतं, येताना साडेचौदाच्या. हिवाळ्यात हे वारे अधिक जोरात असतात आणि फरक वाढतो.

किती जोरात? ९ फेब्रुवारी २०२० ला ब्रिटनवर वादळ आलेलं असताना एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याच वाटेला साडेसहा तास लागतात.

दुसरं उदाहरण मला त्याहून आवडतं. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे एअर इंडियाचं विमान आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट दिशेनं, पॅसिफिकवरून नेलं. वाट १३,९०० किलोमीटरवरून सुमारे १५,३०० किलोमीटर झाली, म्हणजे चौदाशे किलोमीटर वाढली, आणि वेळ मात्र कमी होऊन साडेचौदा तासांवर आला. वारा पाठीशी आला, एवढंच.

म्हणून "किती किलोमीटर" हा प्रश्न मी आता फारसा मनावर घेत नाही. आळीतल्या लोकांना सांगायला तो बरा. तिकीट काढताना तास बघा.

चौथी पायरी: आकाशातली बंद दारं

दोऱ्याची वाट ही कागदावरची. खाली देश आहेत, आणि देश आपापलं आकाश बंद करतात.

२०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकी, ब्रिटिश, कॅनडाच्या आणि युरोपीय संघातल्या विमानकंपन्यांना बंद झालं. आपला दोरा मॉस्कोवरून जातो हे आठवा. त्यांच्या विमानांना खालून वळसा पडतो. भारतीय आणि आखाती कंपन्यांवर ती बंदी नव्हती. दुसरीकडे, पाकिस्ताननं २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि मग ती मुदत महिन्या-महिन्यानं वाढवत नेली. २०१९ मध्येही बालाकोटनंतर काही महिने तसंच झालं होतं. दिल्लीहून सुटणाऱ्या विमानांना हा वळसा जास्त जाचतो. मुंबईला अरबी समुद्र दारातच असल्यामुळे त्यामानानं सुसह्य. जून २०२५ मध्ये इराण आणि इराकचं आकाशही काही दिवस बंद होतं, तेव्हा निम्म्या जगाची वेळापत्रकं विस्कटली.

याचा तुमच्याशी संबंध एवढाच की एकाच शहराला, एकाच दिवशी, दोन कंपन्यांच्या विमानांना वेगवेगळा वेळ लागू शकतो, आणि मागच्या वर्षी शेजारच्या काकांना लागलेला वेळ तुम्हाला लागेलच असं नाही. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या संकेतस्थळावर तुमच्या विमानाचा क्रमांक टाका. गेल्या काही दिवसांत ते प्रत्यक्षात किती वाजता सुटलं आणि कधी पोचलं ते दिसतं. पाच-सहा दिवसांचे आकडे वहीत उतरवले की खरा अंदाज येतो. नातवंडांना हे काम द्या, आवडीनं करतात.

पाचवी पायरी: मधे थांबायचं की नाही

इथे शब्दांचा घोळ आहे. "नॉन-स्टॉप" म्हणजे मधे कुठेही न उतरणारं. "डायरेक्ट" म्हणजे विमानाचा क्रमांक तोच राहतो, पण मधे ते एखाद्या ठिकाणी उतरू शकतं. मराठीत आपण दोन्हीला "थेट" म्हणतो आणि मग फसतो. १९६० च्या मे महिन्यात एअर इंडियाचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागलं, तेही लंडनला थांबूनच. तिसरा प्रकार "कनेक्टिंग": एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायचं.

मधे थांबलं की अंतर फार वाढतं असं वाटतं. बघू या. लंडनमार्गे: ७,२०० अधिक ५,५४०, म्हणजे साधारण १२,७५० किलोमीटर. सरळ वाटेपेक्षा दोनशेच जास्त, विमानाच्या वेगानं पाव तास. दुबईमार्गे सुमारे १२,९५०. हेही चारशेच जास्त, जेमतेम अर्धा तास. दोऱ्यापासून ही शहरं फार लांब नाहीत, म्हणून. सिंगापूरमार्गे मात्र १९ हजारांच्या वर जातं. कुणी स्वस्त म्हणून पूर्वेकडून नेत असेल तर आधी गोलावर दोरा लावा.

म्हणजे वेळ खातो तो वळसा नव्हे. एक जादा उतरणं-चढणं आणि त्यामधलं बसून राहणं, यात वेळ जातो. आणि हे बसून राहणं कमी करण्याच्या नादातच मी एकदा आपटले.

दुसऱ्या खेपेला परतीचं तिकीट काढताना यादीत सर्वांत कमी एकूण वेळ दाखवणारं मी निवडलं. मधला थांबा एक तास दहा मिनिटांचा. विमानकंपनीच ते विकते आहे म्हणजे पुरत असेल, असा माझा सरळ हिशेब. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा उतरलं. आमच्या ह्यांच्या गुडघ्यांमुळे व्हीलचेअर सांगितलेली, ती यायला वीस मिनिटं. शेवटच्या वळणावर पोचलो तर दाराशी उभी मुलगी पट्टा लावत होती. पुढचं विमान अकरा तासांनी. ह्यांच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत, आणि मोठी बॅग कुठे आहे ते कुणालाच सांगता येईना. तिथल्या औषधाच्या दुकानात बिनाचिठ्ठीची गोळी मिळाली नाही. शेवटी रांगेत भेटलेल्या नागपूरच्या एका डॉक्टर बाईंनी विमानतळाच्या दवाखान्यापर्यंत नेलं.

तेव्हापासूनचे माझे नियम असे. साठी ओलांडलेल्यांसाठी मधला थांबा अडीच-तीन तासांपेक्षा कमी नको. व्हीलचेअर असेल तर तीनच धरा. पाचच्या वर गेला तर पाय सुजतात, तोही नको. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असू द्या. म्हणजे पहिलं उशिरा आलं तर पुढच्याची सोय करणं ही कंपनीची जबाबदारी राहते. दोन वेगळी तिकिटं काढून पाच-सात हजार वाचतात, पण विमान चुकलं की दुसरं तिकीट पूर्ण वाया. आणि रोजच्या गोळ्या, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत.

सहावी पायरी: तिकिटावरची घड्याळं वाचा

तिकिटावर सुटायची वेळ सुटणाऱ्या शहराची, पोचायची वेळ पोचणाऱ्या शहराची. सरळ वजाबाकी केलीत तर वेडगळ उत्तर येईल.

न्यूयॉर्क आपल्या मागे आहे, हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. रीत अशी: पोचायच्या वेळेत हा फरक मिळवून तिला भारतीय वेळ करा, मग वजाबाकी करा.

समजा जानेवारीत विमान मुंबईहून पहाटे २ ला सुटतं आणि त्याच तारखेला सकाळी ७:३० ला न्यूयॉर्कला पोचतं. साडेसातमध्ये साडेदहा मिळवले की भारतात संध्याकाळचे ६. दोन ते सहा, म्हणजे सोळा तास. येताना सकाळी ११:३० ला सुटलेलं विमान मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३० ला येत असेल, तर वरवर पंचवीस तास दिसतात. साडेअकरा म्हणजे आपल्याकडचे त्या रात्रीचे १०. तिथून दुसऱ्या दिवशीचे दुपारचे साडेबारा, म्हणजे साडेचौदा तास. तिकिटावर वेळेशेजारी छोटं +१ असेल तर पोचायची तारीख दुसऱ्या दिवशीची.

तिसऱ्या खेपेला मी अशाच पहाटे दोनच्या विमानात होते, जानेवारीत. अंधारात निघाले आणि सोळा तासांनी न्यूयॉर्कला उतरले तेव्हा नुकतं उजाडत होतं. विमान रात्रीच्या सोबतीनं पश्चिमेला पळत होतं, वर उत्तरेतला हिवाळा, त्यामुळे वाटेत सूर्य दिसलाच नाही. आख्खा विषय तीस वर्षं फळ्यावर शिकवला होता, तो खिडकीतून पहिल्यांदा पाहिला. ह्यांनी मात्र डोळ्यांवर पट्टी बांधून झोप काढली.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. अमेरिकेची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर "१५ जानेवारी, ००:४५" असेल तर घरातून तुम्हाला १४ तारखेला निघायचं आहे. १५ तारखेच्या रात्री जेवून-खाऊन विमानतळावर गेलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत. त्यांचं विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. कॅलेंडरवर १४ लाच लाल गोल करा.

फोन करताना वेळ मनात काढायची सोपी युक्ती: उन्हाळ्यात आपल्या वेळेत अडीच तास मिळवा आणि सकाळची संध्याकाळ करा. आपल्याकडे सकाळचे ७, तिकडे आदल्या रात्रीचे ९:३०. हिवाळ्यात अडीचऐवजी दीड.

सातवी पायरी: एकाच घड्याळावर अख्खा प्रवास मांडा

ही खरी पायरी. एक कागद घ्या, आणि सगळ्या वेळा *भारतीय* घड्याळानं लिहा. माझ्या पहिल्या खेपेचा कागद हा, दुबईमार्गे, जानेवारीतला:

रविवार संध्याकाळी ५:०० – साताऱ्यात घराला कुलूप
रात्री ११:३० – मुंबई विमानतळ (खंबाटकी, पुण्याची बगल, एक्स्प्रेसवेवर चहा, पुढे मुंबईची गर्दी)
सोमवार पहाटे ४:०० – उड्डाण
सकाळी ७:१५ – दुबई
सकाळी १०:१५ – दुसरं विमान
मध्यरात्री १२:१५ – केनेडी विमानतळ (तिथे सोमवार दुपारचे पावणेदोन)
रात्री १:४५ – इमिग्रेशन आणि सामान उरकून बाहेर
मंगळवार पहाटे ३:३० – एडिसनचं दार

बेरीज साडेचौतीस. त्यातले विमानांतले तास मोजा: सव्वातीन आणि चौदा, म्हणजे सव्वासतरा. बरोब्बर निम्मे. उरलेले निम्मे घाट, रांगा आणि खुर्च्या. तुमचं शरीर भारतीय घड्याळावरच चालतं, म्हणून हा कागद पाहिला की कळतं: केनेडीला इमिग्रेशनच्या रांगेत तुम्ही उभे असाल तेव्हा शरीराला रात्रीचे साडेबारा वाजलेत आणि मागची रात्र विमानतळावर गेली आहे. त्या वेळी अधिकारी "किती दिवस राहणार, कुणाकडे?" विचारतो. उत्तर, पत्ता आणि परतीचं तिकीट एका पाकिटात तयार ठेवा. गोळ्यांच्या वेळाही याच कागदावर लिहा आणि, विशेषतः इन्सुलिन घेत असाल तर, निघण्याआधी डॉक्टरांना तो दाखवा.

कागद करताना आणखी काही गोष्टी तपासा. मुंबईच्या जुन्या विमानतळाचा कोड बीओएम. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, त्याचा एनएमआय. तिकिटावर कोणता आहे ते बघा, दोन्हीकडे जायचे रस्ते निराळे. पलीकडेही तसंच. मुलं न्यू जर्सीत एडिसन, जर्सी सिटीकडे असतील तर नेवार्क विमानतळ (ईडब्ल्यूआर) जवळ पडतो, एडिसनहून अर्ध्या-पाऊण तासावर. केनेडी (जेएफके) क्वीन्समध्ये, मधे न्यूयॉर्कचे पूल आणि त्यांवरची वाहनं. सव्वा तासात झालं तर नशीब, दोनही लागतात. तिकिटात दोन-तीन हजारांचा फरक असेल तर नेवार्क घ्या.

न्यूयॉर्कला उतरून पुढे शिकागो किंवा डॅलसला जायचं असेल तर अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर मोठ्या बॅगा स्वतः पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टममधून न्यायच्या आणि पुन्हा द्यायच्या. मुंबईत "सामान शेवटपर्यंत जाईल" असं सांगितलेलं असलं तरीही. त्यासाठी तीन तास ठेवा. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांचं प्रकरण वेगळं: अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी २०१४ पासून तिथेच होते, त्यामुळे अबू धाबीचा थांबा जास्त लागतो आणि अमेरिकेत उतरल्यावर ती रांग नसते.

न्यायला येणाऱ्यांनाही हा कागद पाठवा, त्यांच्या घड्याळाच्या वेळा शेजारी लिहून. आमचे जावई पहिल्या वेळी विमान उतरायच्या आधी तासभर येऊन उभे होते आणि आम्ही उतरल्यावर दीड तासानं बाहेर आलो. पार्किंगचे पैसे त्यांनी अजून सांगितलेले नाहीत. आता ते फोनवर विमान धावपट्टीला टेकलेलं पाहतात आणि मगच घरातून गाडी काढतात.